ते हायड्रोजनच होतं

मला नोकरीवरून काढून टाकलंय, ही बातमी आळंदमध्ये पहिल्यांदा कुणी पसरवली ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. कळलं असतं तर त्याच्या दारात जाऊन मी भांडले असते. खरी गोष्ट एवढीच होती की व्हिसा नवा करून घ्यायला मी थोड्या दिवसांसाठी घरी आले होते आणि अडकले होते.

हैदराबादला व्हिसाच्या मुलाखतीत काचेपलीकडच्या माणसानं विचारलं, काम काय करता. मी सांगितलं, प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या आत क्वार्क कसे असतात ते मोजते. तो म्हणाला, म्हणजे न्यूक्लियर? मी म्हणाले, न्यूक्लियर फिजिक्स, पण बॉम्बशी किंवा अणुभट्टीशी त्याचा काही संबंध नाही. नको तो शब्द मीच उच्चारला होता. त्यानं पासपोर्ट ठेवून घेतला आणि एक रंगीत चिठ्ठी सरकवली. तपासणी चालू आहे, झाली की कळवू. किती दिवस लागतील? सांगता येत नाही.

त्या चिठ्ठीसकट मी आळंदला परत आले. आमची तुरीच्या डाळीची मिल गावाबाहेर आहे आणि मिलच्या मागेच घर. तुरीचा हंगाम ऐन भरात होता. सकाळपासून लॉऱ्या लागत, मशिनं सुरू झाली की घराच्या खिडक्यांच्या काचा थरथरत, आणि अंथरूण, ताटं, केस, सगळ्यांवर पिवळी भुकटी बसत असे. आई गेल्यापासून घर वहिनीच्या हातात होतं. मोठा भाऊ खरेदीसाठी सतत बाहेर. मिलवर वडील, आमचे अप्पा.

तिकडे परदेशात, माझ्या प्रयोगशाळेत मात्र त्याच हिवाळ्यात आमचा प्रयोग सुरू होणार होता. पीएचडीनंतरची माझी सगळी वर्षं त्या प्रयोगात गेली होती. इलेक्ट्रॉन ओळखणाऱ्या डिटेक्टरमधले आरसे मी स्वतःच्या हातांनी बसवले होते. एकेक आरसा किंचित वळवायचा, मागून दिवा टाकायचा, प्रकाश नेमका कुठे पडतो ते बघायचं, पुन्हा वळवायचा. एवढं करून जेव्हा खरोखर मोजायची वेळ आली, तेव्हा मी आळंदला डाळीच्या धुळीत बसले होते. रोज सकाळी उठल्याबरोबर फोनवर व्हिसाची स्थिती बघायची, तिथं तेच वाक्य वाचायचं, आणि मग दिवसभर समोर येईल त्याच्यावर खेकसायचं, असा माझा दिनक्रम झाला.

एकदा वहिनीनं विचारलं, "ताई, तुम्ही नेमकं मोजताव तरी काय?" वहिनी निंबर्ग्याची, गुलबर्ग्याला बी.कॉम. झालेली. मिलची बिलं तीच करायची. तिला मी वजनकाट्यावरून सांगितलं. न्यूट्रॉन एकटा पकडून ठेवता येत नाही, थोड्या मिनिटांत तो मोडतो. म्हणून ड्युटेरियम घ्यायचं. त्याच्या केंद्रात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असे दोघं असतात. त्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करायचा आणि ते कसे परततात ते मोजायचं. मग नुसता प्रोटॉन असलेल्या हायड्रोजनवर तसाच मारा करायचा. भरलेल्या लॉरीच्या वजनातून रिकाम्या लॉरीचं वजन वजा केलं की माल कळतो, तसा दोन्हींच्या वजाबाकीतून न्यूट्रॉन कळतो. परतणाऱ्या इलेक्ट्रॉनवरून आतल्या क्वार्कची चाल समजते. प्रोटॉनमध्ये ढोबळमानानं दोन अप क्वार्क आणि एक डाऊन, न्यूट्रॉनमध्ये त्याच्या उलट. पण एकच क्वार्क जवळजवळ सगळा वेग स्वतःकडे घेऊन धावतो तेव्हा तो कोणता असतो, अप की डाऊन, हे अजून कुणाला नीट ठाऊक नाही. आम्हाला ते मोजायचं होतं.

"आन् लॉरी रिकामी हाय का भरलेली, हेच चुकलं तर?" वहिनीनं विचारलं.

"ते कसं चुकेल?" मी म्हणाले.

मधल्या काळात प्रयोगाचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या संयोजकाचा निरोप आला. तू तिथूनही शिफ्ट करू शकतेस. सगळे पडदे इंटरनेटवरून दिसतात, खोलीतल्यांशी व्हिडिओवर बोलता येतं. त्यांच्या मध्यरात्रीपासून सकाळपर्यंतची शिफ्ट म्हणजे तुझी सकाळ ते संध्याकाळ, तुला सोयीचंच पडेल. त्यानंतरच्या व्हिडिओ बैठकीत सगळ्यांचे चेहरे उजळलेले मी पाहिले. मध्यरात्रीची शिफ्ट कुणालाच नको असते. माझा व्हिसा अडकला याचं दुःख त्यांना होतं, पण सोय त्याहून जास्त होती. तरी मी हो म्हणाले. निदान दुरून का होईना, आपला प्रयोग दिसेल.

पण मिलची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि इंटरनेटची पेटी बंद व्हायची. मी अप्पांना म्हणाले, माझ्या शिफ्टच्या दिवशी मोठी मोटर उशिरा लावा.

"सीझन हाय," अप्पा म्हणाले. "तुझ्यासाठी मिल बंद ठिवू का? लॉऱ्या लायनीत उभ्या हायत."

"रोजचं नाही म्हणत मी. आठवड्यातले काही दिवस."

"तुझं तिथलं काम तिथल्या लोकांनी करावं की. तू हितं बसून काय करायलीस?"

यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. शेवटी वहिनीनं कुणाला न विचारता मिलच्या ऑफिसातला इन्व्हर्टर माणसं लावून माझ्या खोलीत आणून ठेवला. माझी शिफ्ट असे त्या दिवशी ती बिलं हातानं लिहायची. अप्पांनी ते पाहिलं, पण इन्व्हर्टर परत मागितला नाही.

त्याच सुमारास बिदरच्या मैलूरहून आत्या आली. तिनं माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. मुलगा बिदरलाच सरकारी खात्यात होता. चहा पिता पिता ती म्हणाली, "नोकरी गेलीच हाय तर आता उगं कशाला थांबायचं? वय बसून न्हाई राहत."

"माझी नोकरी गेलेली नाही."

"मग कामून बसलीस हितं?"

मी ओरडले. नोकरी आहे, पगार चालू आहे, वरच्या खोलीत बसून मी रोज काम करते, तुमच्यापैकी कुणी एकदा तरी वर येऊन बघितलं का, असं सगळं एका दमात. आत्यानं कप खाली ठेवला. अप्पा ऑफिसातून धावत आले आणि म्हणाले, "हळू बोल. मिलमधली माणसं ऐकायलेत." मी काय बोलले हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना फक्त आवाज ऐकू आला होता.

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे तो दिवस यानंतर थोड्याच दिवसांत आला. सकाळी शिफ्ट सुरू झाली. तिकडच्या खोलीत दोघं होते. एक शिफ्टप्रमुख, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच पीएचडीनंतरचं काम करणारा. दुसरा टार्गेटची, म्हणजे ज्यावर मारा करायचा त्याची, यंत्रणा सांभाळणारा. आमच्या प्रयोगात हायड्रोजन आणि ड्युटेरियमच्या नळ्या एका उभ्या शिडीवर एकाखाली एक बसवलेल्या असतात. मोटरनं शिडी वरखाली करायची आणि हवी ती नळी इलेक्ट्रॉनच्या झोताच्या, म्हणजे बीमच्या, वाटेत आणायची. शिफ्ट बदलण्याच्या थोडं आधी ती हायड्रोजनवरून ड्युटेरियमवर आणल्याची नोंद होती.

मी मोजणीचा आकडा पाहिला. कमी होता. ड्युटेरियममध्ये न्यूट्रॉनची भर असते, त्यामुळे इलेक्ट्रॉन जास्त परतायला हवेत. मी विचारलं.

"आज बीमचा प्रवाह कमी केला आहे," शिफ्टप्रमुख म्हणाला.

"मी प्रवाहानं भागून पाहिलं. तरी कमी आहे."

"तुझ्याकडे प्रवाहाचा आकडा उशिरा पोचत असेल. इथं सगळं ठीक दिसतंय."

मी पुढचा आलेख उघडला. हायड्रोजनमधला प्रोटॉन एकटा आणि स्थिर असतो. इलेक्ट्रॉन त्याला न फोडता अख्खाच ढकलून परत आला की आलेखाच्या टोकाला एक अरुंद सुळका उठतो. ड्युटेरियममध्ये प्रोटॉन न्यूट्रॉनबरोबर सारखा हालत असतो, त्यामुळे सुळका पसरून नुसता उंचवटा होतो. माझ्यासमोर सुळका होता. लहान, पण सरळ उभा. हा काही मतभेदाचा विषय नव्हता. असा सुळका आमच्या कुठल्याही विद्यार्थ्यानं ओळखला असता.

"हे हायड्रोजन आहे," मी म्हणाले.

"टार्गेटच्या पडद्यावर ड्युटेरियम दाखवतोय," दुसरा म्हणाला.

"पडदा चुकतोय. आलेखाचं टोक बघा. शिडी हललेली नाही."

शिफ्टप्रमुख वाकून बघितल्यासारखं करून म्हणाला, "थोडा अरुंद दिसतोय खरा. अजून आकडे जमू देत, मग पसरेल."

"आकडे जमले की तो उंच होईल, रुंद नाही होणार. बीम थांबव, शिडी एकदा वरखाली करून बघा. फार वेळ लागणार नाही."

"मध्यरात्री बीम थांबवायला कारण लागतं. तुझा आवाज तुटतोय, नीट ऐकू येत नाहीये."

माझा आवाज तुटत नव्हता. आतापर्यंतच्या प्रत्येक वाक्याला त्यानं उत्तर दिलं होतं. मी तेच पुन्हा लिहून पाठवलं. मग पडद्यावर दिसलं की त्यांनी त्यांचा आवाज बंद केला आहे. दोघं एकमेकांशी काहीतरी बोलत होते आणि एकजण हसला. कशावर हसला ते मला ठाऊक नाही. कदाचित दुसऱ्याच कशावर असेल. पण ते हसणं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मी संयोजकाला फोन लावला. त्याच्याकडे अपरात्र होती, तो झोपेतून उठला. मी सगळं सांगितलं, सुळका, आकडा, शिडी. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जे खोलीत आहेत त्यांना ठरवू दे. त्यांना यंत्रं समोर दिसतायत."

"त्यांना पडदेच दिसतायत. तेच मलाही दिसतायत."

"सकाळी बघू," तो म्हणाला.

सकाळी कुणी बघितलं नाही. पुढच्या शिफ्टला निरोप गेला की टार्गेटबद्दल एक शंका आली होती, खोलीतल्यांनी पाहिलं, ठीक आहे. त्याच्या पुढच्या शिफ्टला शंकाही पोचली नाही, फक्त 'ठीक आहे' पोचलं. मी मेल पाठवत राहिले. उत्तरं यायची, आभार, लक्ष ठेवतो. ड्युटेरियमच्या नावाखाली कित्येक दिवस हायड्रोजन मोजलं गेलं.

शेवटी टार्गेटचा एक जाणकार दुसऱ्याच कामासाठी यंत्रांच्या दालनात गेला तेव्हा त्याला दिसलं की मोटर आणि शिडी यांचा जोड घसरला आहे. मोटर फिरत होती आणि पडदा मोटरचे फेरे मोजून शिडीची जागा सांगत होता. शिडी होती तिथंच होती. तोपर्यंत आमची वेळ संपत आली होती. बीम दुसऱ्या प्रयोगाकडे जायचा होता आणि तिथं एक तासही कुणी कुणाला उसना देत नाही. एकच क्वार्क जवळजवळ सगळा वेग घेतो त्या ज्या टोकाला डाऊन क्वार्कचं काय होतं ते बघायला एवढा खटाटोप केला, त्या टोकाचा न्यूट्रॉन आमच्या हातून गेला. हायड्रोजनमधून हायड्रोजन वजा केलं तर काय उरणार?

मग बैठक झाली. प्रयोगाचे प्रमुख शांत, वयस्क गृहस्थ. त्यांनी काय घडलं ते वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं की दूरवरच्या शिफ्टकडून आलेली शंका पुरेशा स्पष्टपणे मांडली गेली नाही. मी माइक चालू केला.

"मी म्हणाले होते, हे हायड्रोजन आहे. याहून स्पष्ट वाक्य मला येत नाही."

शिफ्टप्रमुखाच्या चौकटीत तो खाली बघत होता. संयोजकानं कॅमेरा बंद केला होता.

"मी फोनही केला होता," मी म्हणाले. "ज्यांना केला ते या बैठकीत आहेत. ते वाक्य काढून टाका."

प्रमुख म्हणाले, "आपण इथं कुणाला दोष द्यायला जमलेलो नाही."

इतक्या सौम्यपणे म्हणाले ते. दोष माझ्यावर ठेवून झाला होता, आणि तो उचलून योग्य जागी ठेवायची वेळ आली तेव्हाच दोष देणं असभ्य ठरलं. मी तेही बोलून दाखवलं. ते म्हणाले, वाक्याच्या शब्दांचा फेरविचार करू. मग पुढचा विषय निघाला.

मी खाली आले तेव्हा मिल बंद झाली होती. अप्पा ओट्यावर पाय धूत होते. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, काय झालं. अडकल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कामाबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"तू सांगितलीस त्यांना?"

"सांगितलं. लिहून पण पाठवलं."

"मग मोठ्यानं सांगायचं होतं," अप्पा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "मोठ्यानं? या घरात मी मोठ्यानं बोलले की तुम्ही धावत येता. आत्यासमोर मी खरं तेच बोलत होते, तुम्हाला मिलमधल्या माणसांची पडली होती. लहानपणापासून मला हळू बोलायला तुम्हीच शिकवलं. आणि तिथं मी हळू बोलले, नीट बोलले, पुराव्यासकट बोलले, तर आता म्हणताय ओरडायचं होतं. ओरडले असते तर तेही हेच म्हणाले असते, बाई ओरडते, हिला शिफ्ट देऊ नका."

अप्पा टॉवेल हातात घेऊन उभे राहिले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती अप्पांकडे न बघता म्हणाली, "अप्पा, त्या म्हणायलेत ते खोटं न्हाई." एवढं बोलून ती आत गेली. सासऱ्यासमोर तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

अप्पांनी माझी माफी वगैरे मागितली नाही. तो त्यांचा स्वभाव नाही आणि मीही वाट पाहिली नाही. पण काही दिवसांनी आत्याचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. मैलूरची मंडळी बघायला येतो म्हणत होती. अप्पा म्हणाले, "तिची नोकरी हाय. तिथल्या लोकांसंगं तिचं भांडण चालू हाय. ते मिटू दे, मग तीच सांगंल. तू न्हाई विचारायचं आता." आत्या पलीकडून बराच वेळ बोलत राहिली. अप्पा नुसतं "व्हय, व्हय" करत राहिले, पण बोललेला शब्द त्यांनी मागे घेतला नाही.

व्हिसा आला तो प्रयोग संपून दुसऱ्याच लोकांची यंत्रं तिथं बसल्यावर. पाकिटात पासपोर्ट होता, शिक्का होता. उशीर का झाला याबद्दल एक अक्षरही नव्हतं. हैदराबादच्या विमानतळावर मला सोडायला वहिनी आणि भाऊ आले होते. मी रडले नाही. मी इतकी चिडलेली होते की रडणं सुचलंच नाही.

तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात शिफ्टप्रमुख चहाकॉफीच्या खोलीत भेटला. टाळता येण्यासारखं नव्हतं.

"त्या दिवशी खरंच तुझा आवाज नीट येत नव्हता," तो म्हणाला.

"येत होता. प्रत्येक वाक्याला तू उत्तर दिलंस."

त्यानं हातातला कप टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मला वाटलं तू तिकडे बसून जास्तच काळजी करतेयस. स्वतःला इथं यायला मिळालं नाही म्हणून."

निदान एवढं खरं बोलला. मी म्हणाले, "सुळका अरुंद होता. माझ्या मनात काय होतं त्याचा त्याच्याशी काय संबंध?"

तो सॉरी म्हणाला. मी ते स्वीकारलं की नाही हे मला सांगता आलं नाही, म्हणून मी कप धुऊन निघून गेले. अहवालातलं ते वाक्य बदललं गेलं. आता तिथं असं आहे की टार्गेटच्या जागेची शंका वेळेत उपस्थित झाली होती, परंतु तिची शहानिशा झाली नाही. कुणी उपस्थित केली आणि कुणी शहानिशा केली नाही, ते नाही. पुढच्या प्रयोगासाठी मी एक नियम मांडला. शिफ्टवरचा कुणीही, कुठूनही, टार्गेटबद्दल शंका घेतो तेव्हा बीम थांबवायचा आणि खरी जागा बघून यायचं. सगळ्यांनी एकमतानं मान्य केला. प्रमुखांनी विधायक सूचनेबद्दल माझे आभार मानले. विधायक हा शब्द ऐकून मला टेबलावरचं काहीतरी फेकावंसं वाटलं.

उरलेल्या मोजणीचं विश्लेषण मीच करतेय. चांगली मोजणी आहे, माझ्या आरशांनी आपलं काम चोख केलं आहे. क्वार्कच्या अधल्यामधल्या वेगांपुरता न्यूट्रॉन आम्हाला आधीपेक्षा स्वच्छ दिसला. पण आलेखाच्या उजव्या टोकाला, जिथं सगळ्यांचे डोळे जातात, तिथं एक बिंदू नाही. परिषदेत आमच्यातलं कुणी भाषण करतं तेव्हा त्या जागेबद्दल 'टार्गेटची तांत्रिक अडचण' म्हणून पुढे जातं. मी भाषण करते तेव्हा म्हणते, आमच्यातल्या एकीनं वेळेवर सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. सभागृहात थोडी चुळबुळ होते. नंतर कुणी ना कुणी, बहुतेक एखादी मुलगी, जवळ येऊन हळूच विचारते की न ऐकणारे ते नेमके कोण होते. इथं मी नावं लिहिलेली नाहीत. तिला मात्र नावं घेऊन सांगते.